विटी लागून गेलेला डोळा

रणधीरला त्या विटीचा आवाज अजून ऐकू यायचा. बाभळीच्या विटीवर दांडू बसला की कोरडा 'टक्' वाजतो तो, आणि त्याच्या पाठोपाठ एक बारीक, ओला आवाज, पिकलेलं बोर पायाखाली यावं तसा. मग इंद्रजितचं रडणं. तेव्हा रणधीर सात वर्षांचा होता आणि धाकटा इंद्रजित नुकता दुडुदुडू चालायला लागला होता. घरामागच्या खळ्यात हे घडलं. इंद्रजितचा डावा डोळा गेला आणि त्या जागी काचेचा बसला.

एवढ्या एका टोल्यापायी रणधीरनं आपलं सगळं आयुष्य धाकट्याच्या नावे करून टाकलं. दहावीला चांगले गुण असूनही तो पुढं शिकला नाही. अण्णा, म्हणजे त्याचे वडील, वारल्यावर तासगावजवळचं बेदाण्याचं शेड त्यानं अंगावर घेतलं आणि इंद्रजितला पुण्याला इंजिनिअर व्हायला धाडलं. आंब्याची मोठी फोड इंद्रजितला, खिडकीची जागा इंद्रजितला, नवी गाडी आली तरी पहिली फेरी इंद्रजितची. त्याला हे कुणी करायला लावलं नव्हतं. आई फक्त मधूनमधून म्हणायची, "त्याला जप रं. तुझ्याच हातनं झालंय." ही 'फक्त' म्हणण्यासारखी गोष्ट नाही, हे त्या भल्या माणसाच्या कधी ध्यानातच आलं नाही.

पुढं रणधीरला मुलगी झाली. राजनंदिनी, घरात नंदू. ती दोन वर्षांची व्हायच्या आतच तिच्या दोन्ही डोळ्यांत कॅन्सर निघाला आणि जीव वाचवायला दोन्ही डोळे काढावे लागले. असं माझ्याच वाट्याला का, असं रणधीरनं कधी कुणाला विचारलं नाही. त्याला वाटायचं, ते आपल्याला ठाऊक आहे. एकदा तो बायकोला, मंजिरीला, म्हणाला होता, "मी एक डोळा घेतला, देवानं दोन घेतले." मंजिरी त्याच्याशी कित्येक दिवस बोलली नव्हती. दुसरं मूल मात्र दोघांनीही होऊ दिलं नाही.

नंदू आता अकरा वर्षांची होती. तिच्या कानात हल्लीच्या मुलांच्या असतं तसं बोलकं यंत्र असे. कपाळावरच्या टिकलीएवढ्या कॅमेऱ्यातून ते समोरचं पाहायचं आणि तिला सांगायचं: दार उघडं आहे, पुढं पायरी आहे, समोरचा माणूस हसतोय. घरात ती ते बंद ठेवायची. घरातली माणसं आपल्याला यंत्राशिवाय कळतात, असं तिचं म्हणणं होतं.

त्या वर्षी बेदाण्याच्या ऐन हंगामात इंद्रजित एकटाच पुण्याहून आला. जाळ्यांवर माल वाळत होता. रंगावरून बेदाणा निवडणारं यंत्र खडखडत होतं. रणधीरनं ते बंद केलं, भावाला खुर्ची दिली आणि चहा सांगितला.

"शर्वरीला पाचवा महिना आहे," इंद्रजित म्हणाला.

लग्नाला जवळपास दहा वर्षं झाल्यावर दिवस गेले होते. रणधीरचा चेहरा उजळला. पण इंद्रजित खाली बघत होता.

"आता आईच्या नुसत्या रक्तावरून पोटातल्या बाळाचे सगळे जनुक वाचतात, दादा. बाळाच्या रिपोर्टमध्ये एक बदल आलाय. तेराव्या गुणसूत्रावर."

मग त्यानं सांगितलं ते असं. डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या पेशी बाळ पोटात असताना भराभर वाढतात आणि योग्य वेळी थांबतात. त्यांना थांबवणारा एक जनुक असतो, गाडीच्या ब्रेकसारखा. प्रत्येक पेशीत असे दोन ब्रेक, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. एक बिघडला तरी दुसरा काम करतो. पण ज्या बाळाचा एक ब्रेक जन्मतःच बिघडलेला असतो, त्याच्या लाखो पेशींपैकी एखादीचा दुसराही कधीतरी निकामी होतो. ती पेशी मग थांबत नाही. तीच गाठ. अंधारात फोटो काढला की असल्या डोळ्यात बाहुली लाल न दिसता पांढरी चमकते.

"नंदूचं होतं तेच," रणधीर म्हणाला.

"तेच. पण आता त्यावर दुरुस्तीचा डोस निघालाय. आतून रिकामा केलेला विषाणू असतो, त्यात बिघडलेली अक्षरं बदलणारं औषध भरतात आणि बाळाभोवतीच्या पाण्यात सोडतात. पडदा तयार होतानाच ब्रेक दुरुस्त. बाळ चांगले डोळे घेऊन जन्मतं."

"मग देऊन टाका की डोस!"

"देत नाहीत. आमच्या बाळाचा बदल जनुकाच्या मजकुरात नाही, मधल्या मोकळ्या जागेत आहे. तो घातक आहे की निरुपद्रवी, हे कुणाला माहीत नाही. निरुपद्रवी जागी औषध चालवलं तर नसता बिघाड व्हायचा. म्हणून डोसला परवानगी देणाऱ्या समितीची अट आहे. घराण्यात ज्याला हा रोग झाल्याची कागदोपत्री नोंद आहे, त्याच्या रक्तात हाच बदल सापडला पाहिजे. नंदूच्या वेळी फक्त मजकूर वाचायचे, मोकळी जागा बघतच नव्हते. तिचं रक्त परत हवंय. तुझंही. आणि हातात महिनाभरच आहे."

"एवढंच ना? उद्या घेऊन जा." रणधीर उठलासुद्धा. मग थांबला. तो कमी शिकला असला तरी ढ नव्हता. "पण इंद्र, नंदूचं माझ्याकडनं किंवा मंजिरीकडनं आलं असंल. ते तुझ्या बाळात कसं जाईल? मधी तू हाईस. तुला तर काय झालं न्हाय."

चहा आला. शेडवर कामाला असलेली पोरगी कप ठेवून गेली. इंद्रजितनं कपाला हात लावला नाही.

"दादा, मला विटी लागली नव्हती."

रणधीरनं उचललेला कप परत ठेवला.

"मला हेच झालं होतं. मिरजेला डोळा काढला, पण त्याचा कागद आता कुठंच नाही, म्हणून नंदूचं रक्त लागतंय. मी अठरा वर्षांचा झालो तेव्हा आईनं सांगितलं, उरलेला डोळा दर वर्षी तपासून घे म्हणाली. म्हणाली, दादाला सांगू नको."

"आरं, पण मला आठवतंय," रणधीर म्हणाला. "मला आवाज आठवतोय. मी जो ऐकतो तो मग कशाचा आवाज?"



आणि मग रणधीरला मुंबईचा तो दवाखाना आठवला. नंदू त्याच्या मांडीवर, शेजारी मंजिरी, भिंतीला टेकून इंद्रजित आणि आई. इंद्रजितचं लग्न नुकतंच झालेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घराण्यात कुणाचा लहानपणी डोळा गेलाय का? आणि रणधीर स्वतःच्या तोंडानं म्हणाला होता, "माझ्या भावाचा गेलाय, पण तो माझ्या विटीनं." बाईंनी मान हलवली होती आणि पुढचा प्रश्न विचारला होता. भिंतीला टेकलेल्या दोघांपैकी कुणी तोंड उघडलं नव्हतं. असल्या घराण्यातली मुलं जन्मल्यापासून दर महिन्याला तपासतात, गाठ खसखशीएवढी असतानाच जाळतात, हे त्याच बाईंनी नंतर बोलता बोलता सांगितलं होतं. आणखी एक वाक्य त्या बोलल्या होत्या: दिवाळीच्या सुमारास आणली असती तरी निदान एक डोळा वाचला असता.

दिवाळीत मंजिरी म्हणाली होती, नंदूच्या डोळ्यात काहीतरी पांढरं चमकतंय. आई म्हणाली होती, दिवा दिसतो लेकराच्या डोळ्यात, तीट लाव, नजर लागंल.

"दिवाळीत आईला कळलं होतं," रणधीर म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

"मला फोन केला होता तिनं. माझं लग्न माघात ठरलं होतं. म्हणाली, लगीन होऊ दे, मग दाखवू. आता कॅन्सर घराण्यात आहे म्हटलं तर मोडेल. मला वाटलं, दादा, कदाचित ते नसेलही. खरंच वाटलं मला."

रणधीरनं यंत्र सुरू केलं. त्या खडखडाटात इंद्रजित आणखी काहीतरी म्हणाला, ते त्यानं ऐकून घेतलं नाही.

आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. रणधीर तिच्यासमोर उकिडवा बसला आणि सरळ विचारलं. तिनंही काही लपवलं नाही. इतकी वर्षं जे पोटात ठेवलं ते बोलायला मिळतंय म्हणून तिला जरा मोकळंच वाटलं असावं.

"डाक्टर म्हनला, ह्यो रोग घराण्यात उतरतो. तुझं अण्णा म्हनलं, हे बाहेर गेलं तर दोन्ही पोरांची लग्नं व्हायची न्हाईत. लोकांस्नी काय सांगायचं? खळ्यात विटी पडली हुती. म्हटलं, विटी लागली."

"पण माझीच का?"

"दुसऱ्याच्या पोराचं नाव घेतलं असतं तर गावात भांडाण लागलं असतं," आई म्हणाली. "तुझं नाव घेतलं, घरातल्या घरात ऱ्हायलं."

रणधीरला हसू आलं. भांडण नको म्हणून! शेजाऱ्यापाजाऱ्यांशी गोडी राहावी म्हणून सात वर्षांच्या पोराच्या गळ्यात एक फुटका डोळा बांधून दिला आणि तो पोरगा चाळिशी ओलांडेपर्यंत तो मिरवत राहिला.

"आनि तू जपलंस की त्याला," आई म्हणाली. "एरवी जपलं असतंस? भाऊ भावाला बघत न्हाईत आजकाल."

"आणि नंदू?"

आईचे हात थांबले. "मला वाटलं, दिवाळी आनि माघ, तेवढ्यात काय हुतंय. एकाचं जुळलेलं मोडायचं कसं? मी रोज देवाला हात जोडत हुते रं." मग तिनं पुन्हा शेंग उचलली. तिचे डोळे भरले होते. रणधीरला तिची दया आली आणि आपल्याला दया यावी ह्याचा संतापही आला.

मंजिरीला त्यानं रात्रीची जेवणं उरकल्यावर सांगितलं. तिनं आधी सगळं ऐकून घेतलं.

"न्हाई द्यायचं रक्त," ती म्हणाली. "माझी पोरगी आंधळी होत होती तेव्हा हे वरातीत नाचत होते. मीसुद्धा नाचले, तुम्ही मला ओढून नेलं होतं. आता त्यांच्या बाळासाठी माझ्या पोरीला सुई टोचायची न्हाई."

"बाळानं काय केलंय?"

"माझ्या बाळानं काय केलं होतं?"

तिचं खरं होतं. पण पाच महिन्यांचा तो जीव काही लपवून पोटात बसला नव्हता, हेही खरं होतं. रणधीर म्हणाला, "रक्त तिचं हाय. तिलाच विचारूया. पण विचारायचं इंद्रनं, आणि सगळं सांगून."

दुसऱ्या दिवशी इंद्रजितपुढं त्यानं दोन अटी ठेवल्या. पहिली ही. दुसरी, बाळाच्या बारशाला, चारचौघांत, डोळा कसा गेला ते इंद्रजितनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं.

"शर्वरीलासुद्धा मी विटीच सांगितलंय," इंद्रजित म्हणाला. "माझ्यात नुसता दोष आलाय, रोग झालाच नाही, असं समजते ती. आत्ता ह्या अवस्थेत तिला धक्का नको. बारशाला सांगतो. बाळाची शपथ."

"शपथ नको," रणधीर म्हणाला. "नुसतं सांग."

नंदू पलंगावर मांडी घालून बसली होती. काका आलाय आणि आवाज बदललाय म्हटल्यावर तिनं कानातलं यंत्र सुरू केलं. इंद्रजितनं सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सांगितलं. दिवाळी सांगितली, फोन सांगितला, माघातलं लग्न सांगितलं. मंजिरी दाराशी तोंडाला पदर लावून उभी होती.

नंदूनं तोंड काकाच्या आवाजाकडं वळवलं. मग म्हणाली, "काका, तुमच्या लग्नात मला दिसत होतं?"

इंद्रजितनं दाराशी उभ्या मंजिरीकडे पाहिलं.

"मी पिवळा परकर घातला होता ना? आई सांगते. तो मला दिसला असंल?"

"हो," इंद्रजित म्हणाला. "थोडं थोडं दिसत होतं तेव्हा."

"म्हणजे तुमचं लग्न मी बघितलंय," ती म्हणाली. "मला आठवत न्हाई." आणि तिनं दंडावरची बाही वर सरकवली. "घ्या की रक्त."

"आत्ता नाही, बाळा. पुण्याला जायचंय," इंद्रजित म्हणाला आणि हुंदका आवरत बाहेर गेला. नंदूनं बाही खाली केली आणि यंत्र बंद करून टाकलं.

पुण्याच्या प्रयोगशाळेत नंदूच्या रक्तात तोच बदल, त्याच मोकळ्या जागेत सापडला. रणधीरच्या रक्तातही सापडला. तिथल्या समुपदेशक बाईंनी त्याला समजावलं की दोष असलेल्या दहांतला एखादा असा सुटतो, दुसरा ब्रेक कुठल्याच पेशीत तुटत नाही. निव्वळ नशीब. रणधीरनं त्यांना विटीचा आवाज विचारला. त्या म्हणाल्या, लहानपणी एखादी गोष्ट वारंवार कानावर पडली की मेंदू तिची आठवण तयार करतो, आवाजासकट, आणि खरी कुठली हे आतून ओळखायची सोय नसते.

"मग ती काढून टाकायचा डोस न्हाई निघाला?" त्यानं विचारलं. बाई हसल्या. त्यानं चेष्टा केली नव्हती.

डोस वेळेत मिळाला. मुलगी झाली. जन्मल्या दिवसापासून तिचे डोळे तपासले जात होते आणि पडदा अगदी स्वच्छ होता. बारसं पुण्यातच, एका लहानशा हॉलमध्ये होतं. मंजिरी आली नाही. आत्या नसल्यामुळं बाळाच्या कानात नाव सांगायचा मान नंदूला मिळाला. तिनं चाचपून पाळणा धरला, वाकून 'रेवा' म्हटलं आणि कानात कुर्र केलं. बायकांनी तिच्या पाठीत हलके धपाटे घातले आणि हसल्या. नंदूही हसली. रणधीरला वाटलं, चला, निदान एवढं तरी पदरात पडलं.

मग इंद्रजितनं दिवे मालवून मुद्दाम फ्लॅशचा फोटो काढला आणि हातोहात सगळ्यांना दाखवला. बाळाच्या दोन्ही बाहुल्या लालबुंद होत्या. एरवी लोक असला फोटो पुसून टाकतात. इथं शर्वरीच्या आईनं तो बघून डोळे टिपले.

रणधीर वाट बघत होता. जेवणं झाली, विडे झाले. इंद्रजित पाहुण्यांत फिरत होता आणि रणधीरच्या बाजूला येत नव्हता. शेवटी संधी आपल्या पायांनी चालत आली. शर्वरीच्या आत्याचे यजमान नागपूरहून पहिल्यांदाच आले होते. भाबडा माणूस. जवळ बसवून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "जावईबापू, राग नका मानू, पण तुमचा हा डोळा कशानं गेला हो?"

इंद्रजितनं रणधीरकडे पाहिलं. पाळण्याशी बसलेल्या आईनंही पाहिलं. शर्वरी बाळाला थोपटत होती.

"लहानपणी विटी लागली," इंद्रजित म्हणाला. "दादाच्या हातून. पण त्यानं सगळं भरून काढलं हो! असा भाऊ मिळायला भाग्य लागतं."

सगळे कौतुकानं रणधीरकडे बघायला लागले. एवढ्या वर्षांच्या सवयीनं त्याची मान आपोआप खाली जायला लागली.

नंदू त्याचा हात धरून उभी होती. "पप्पा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज काही हळू नव्हता, "कानातलं म्हणतंय, काका हसतायत." मग तिनं विचारलं, "तुम्ही मारली होती विटी?"

पाळण्याच्या दोरीवरचा आईचा हात थांबला.

"न्हाई," रणधीर म्हणाला. "कुणीच मारली न्हाई. त्याला कॅन्सर होता. ह्या दोघांनी मला सांगितलं असतं तर हिचे डोळे राहिले असते."

शर्वरीनं नवऱ्याकडे पाहिलं. इंद्रजितचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. तो जवळ आला आणि खालच्या आवाजात, दुखावल्यासारखा म्हणाला, "दादा, आजच्या दिवशी?"

नंदूचा हात धरून रणधीर जिन्याकडे निघाला. मागं बाळ रडायला लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या विटीला नाही म्हणाला होता, चारचौघांत म्हणाला होता, आणि ते खरं होतं. पण 'न्हाई' हा शब्द तोंडातून बाहेर पडत होता तेव्हाच त्याच्या कानात तो कोरडा 'टक्' वाजला होता आणि पाठोपाठ तो बारीक, ओला आवाज.